कोनफळाची साक्ष

बोटवेच्या हत्यारपेटीत पक्कड, पाने, काळी चिकटपट्टी आणि वायरचे तुकडे असायचेच, पण सगळ्यांच्या वर केळीच्या पानात गुंडाळलेला कोनफळाचा एक कच्चा तुकडाही असायचा. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्यानं दुपारचं जेवण आणलंय. जुनी गिऱ्हाइकं मात्र तो तुकडा बाहेर निघाला की गप्प होऊन बघत बसायची.

घानातल्या कुमासी शहराच्या सुआमे मॅगझिन नावाच्या वस्तीत गॅरेजांच्या रांगाच रांगा आहेत आणि तिथली माती सांडलेलं तेल पिऊन पिऊन चामड्यासारखी झाली आहे. तिथे त्याला 'उलट्या गाड्यांचा बोटवे' म्हणत. नाव बोटवे, कारण आईचं आठवं मूल. आणि उलट्या गाड्या म्हणजे जुन्या विलायती गाड्या. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात आणि प्लसची लाल वायर आत दिव्यांकडे, हॉर्नकडे जाते. त्या जुन्या गाड्यांत कारखान्यातूनच प्लस बॉडीला आणि मायनस आत. गाडीला त्याचं काही वाटत नाही, ती निवांत पळते. गोंधळतो तो माणूस. लाल वायर बॉडीला दिसली की कुणाचाही हात शिवशिवतो, 'हे चुकलंय' म्हणून तो टोकं बदलतो, आणि मग गंमत सुरू होते. डायनामो जी दिशा शिकला असेल तीच धरून बसतो. बॅटरी उलटी बसली की दोघांची जुंपते, ड्रायव्हरसमोरचा लाल दिवा डोळे वटारतो आणि शेवटी दोघांमधला स्विच, म्हणजे कटआउट, जळतो. हे बोटवे चाळीस वर्षं प्रत्येकाला सांगत आला होता. फार बोलणारा माणूस नव्हता तो, पण एवढं एक वाक्य मात्र न चुकता म्हणायचा, "उलटं लावाल तर जळेल."

कोनफळाचा धडा त्याला सहजासहजी मिळाला नव्हता. मांपोंगजवळच्या खेड्यातून तो नुकताच मॅगझिनमध्ये आला होता आणि तुफुओ नावाच्या उस्तादाकडे काम शिकत होता. एक दिवस टोमॅटोनं भरलेली लॉरी आली. बोटवेनं बॅटरीवरच्या खुणा वाचल्या, त्यांच्यावर विसंबून टोकं आवळली आणि ऐटीत सांगितलं, "झालं!" दुपारी तीच लॉरी दोराला बांधून परत आली. कटआउट जळून कोळसा झाला होता आणि खालच्या टोपल्यांमधून लाल पाणी ठिबकत होतं. तुफुओ ओरडला नाही. त्यानं आपल्या टोपलीतलं कच्चं कोनफळ कापलं, बॅटरीच्या दोन टोकांच्या दोन तांब्याच्या तारा त्यात बोटभर अंतरावर खोचल्या आणि म्हणाला, "बघत बस." काही मिनिटांनी एका तारेच्या पायाशी हिरवट डाग उमटला, दुसरीच्या पायाशी फेस आला.

"हिरवं झालं तो प्लस," उस्ताद म्हणाला. "खुणा माणसं करतात. माणसाला घाई असते. कोनफळाला कसली घाई?"

पुढे आठ दिवस अख्खं गॅरेज टोमॅटोचं कालवण खात होतं, आणि प्रत्येक घासाला कुणी ना कुणी बोटवेचे आभार मानत होतं.

तेव्हापासून त्यानं बॅटरीवरच्या कुठल्याही खुणेवर विश्वास ठेवला नाही. त्याची बायको सेर्वा मात्र या शास्त्रावर खूश नव्हती. कारण तो तुकडा तिच्या टोपलीतून जायचा, आणि तोही साध्या कोनफळाचा नव्हे, पोना जातीच्या, बाजारातल्या सगळ्यात गोड कोनफळाचा.

"दुसरं घ्या की एखादं स्वस्तातलं," ती म्हणायची. "बॅटरीला काय चव कळते?"

"स्वस्तातलं फार पाणचट असतं गं. रंग पसरतो."

"मग मीही पसरते आता इथेच," असं म्हणून ती उरलेल्या पोनाच्या फोडी आंपेसीसाठी, म्हणजे कालवणाबरोबर खायला, उकडायला ठेवायची.

सेर्वा हे सगळं हसत चालवून घ्यायची, त्याचं एक कारण जुन्या ताफोत राहणाऱ्या नर्सबाई होत्या. त्यांचं नाव अफ्राकोमा, पण सुईण म्हणून अर्ध्या कुमासीची बाळंतपणं केल्यामुळे सगळे नर्सबाईच म्हणत. त्यांच्याकडे एकोणसाठ सालची राखाडी मॉरिस होती, तीही उलट्या गाड्यांपैकीच. लेक पोकुआच्या वेळी सेर्वा अडली, तेव्हा नर्सबाई याच गाडीतून तिला घेऊन इस्पितळाकडे निघाल्या होत्या. पोरीला मात्र धीर नव्हता. ती मागच्या सीटवरच जन्मली. त्या दिवसापासून त्या गाडीची एकही वायर बोटवेशिवाय कुणी हलवली नव्हती.

नर्सबाईंना पंचाऐंशी पुरी होत होती. रविवारी देवळात आभाराची प्रार्थना ठरली होती, सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत यायचं. ईस्टरलाच त्यांनी बोटवेला बोलावून सांगितलं होतं, "देवाचे आभार मानायला मी माझ्या गाडीतून जाणार. भाड्याच्या गाडीतून गेले तर तो म्हणेल, ही कोण बाई?"

"गाडीचं माझ्याकडे लागलं, नर्सबाई," बोटवे म्हणाला होता.

प्रार्थनेच्या दोन आठवडे आधी नर्सबाईंचा मुलगा येबोआ हॅम्बुर्गहून आला. तिकडे कमावून आलेल्याला आपल्याकडे 'बर्गा' म्हणतात. बर्गा म्हटला की तो दोन्ही हात भरून येतो आणि आल्या दिवसापासून सगळं दुरुस्त करायला लागतो. येबोआ मनाचा चांगला होता. त्यानं आईच्या घराचा नळ दुरुस्त केला, दारं रंगवली, आईच्या गाडीसाठी एक नवा रेडिओ आणला आणि बाजारातून एक नवी बॅटरीही घेतली. मग त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं.

शनिवारी सकाळी बोटवे उद्याची तयारी म्हणून गाडी तपासायला गेला. अंगणात मांडव उभा राहत होता, बायका कांदे चिरत होत्या आणि आंब्याखाली पाच-सहा भाऊबंद खुर्च्या टाकून बसले होते.

"या, या, बोटवेमामा!" येबोआ म्हणाला. "तुम्हालाच विचारायचं होतं. ही गाडी चाळीस वर्षं उलटी कुणी जोडली होती?"

"उलटी नाही रे ती. कारखान्यातनंच तशी आलेली आहे."

"लाल वायर बॉडीला? मामा, मी बावीस वर्षं हॅम्बुर्गात यंत्रं दुरुस्त करतोय. तिथे असं काही केलं तर दुसऱ्या दिवशी मला फाटकातून आत घेणार नाहीत."

"मामांना सांगून बघ," खुर्चीवरचा एकजण म्हणाला, "पंखाही उलटा लावतील. वारा वर जाईल, पण लावतील!"

सगळे हसले. बोटवेही जरासा हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

"तू बदललीस टोकं?" त्यानं विचारलं.

"नवी बॅटरी बसवतानाच बदलली. तीन दिवस झाले. मायनस बॉडीला, प्लस आत. हे बघा." येबोआनं गाडी सुरू केली. समोरचा लाल दिवा लागला. त्यानं जरा वेग दिला, आणि दिवा नेहमीसारखाच शहाण्या मुलासारखा विझला. येबोआनं हॉर्न वाजवला, दिवे लावून दाखवले. "कुठे काही जळलं? काही नाही!"

बोटवेनं वाकून बघितलं. बॅटरी नवी कोरी, वर चकचकीत लेबल, लेबलावर ठसठशीत मायनस, आणि त्या टोकाची जाड वायर बॉडीला आवळलेली. खरंच बदललं होतं. मग डायनामो भांडत का नव्हता? दिव्यानं डोळे का वटारले नाहीत?

"रेडिओचं सांग की त्याला," नर्सबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"सांगतो. रेडिओ लावला आणि धूर! नवा कोरा रेडिओ, मामा. वायरिंग जुनं आहे, आत काय काय जोडून ठेवलंय देव जाणे." येबोआचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्हाला दोष नाही देत मी. तुम्हाला जसं शिकवलं तसं तुम्ही केलंत. सोमवारी एक माणूस येतोय, सगळ्या वायरी उपसून नव्या घालेल. उद्या मात्र आईला या गाडीत बसवायला मी तयार नाही. चालत्या गाडीत पेट घेतला तर? भाड्याची गाडी सांगितली आहे."

नर्सबाईंनी बोटवेकडे पाहिलं. "बोटवे, तू बोल."

"जरा विचार करून सांगतो, नर्सबाई."

"कर. पण मी पंचाऐंशीची आहे. फार लांबलचक विचार करू नकोस."

तो घराकडे चालत निघाला. शनिवार, म्हणजे आपल्याकडे मयताच्या कार्यांचा दिवस. अर्धं गाव काळ्या-तांबड्या कपड्यांत मयताच्या कार्याला निघालं होतं. दोघांनी त्याला हाक मारली, त्यानं ऐकली नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. टोकं उलटी लावूनही जर काही जळत नसेल, तर 'उलटं लावाल तर जळेल' हे चाळीस वर्षं आपण कशाच्या जोरावर सांगत होतो? किती जणांना दटावलं, कितींच्या गाड्या थांबवून ठेवल्या. तुफुओ उस्तादही चुकला असेल. टोमॅटोची लॉरी दुसऱ्याच कशानं जळली असेल. येबोआ शिकलेला माणूस, त्याला आणि आपल्याला एका तागडीत कसं तोलायचं? उद्या नर्सबाई भाड्याच्या गाडीतून उतरतील, आणि लोक म्हणतील, त्यांची गाडी बोटवेनं उलटी करून ठेवली होती.

सेर्वा दारात बसून कोनफळ सोलत होती. "पोकुआचे बाबा, कुणाच्या मयताला गेला होतात?"

"माझ्याच," तो म्हणाला, आणि खाली बसून त्यानं सगळं सांगितलं.

तिनं सुरी न थांबवता ऐकलं. मग विचारलं, "आणि कोनफळ काय म्हणालं?"

"कुठलं कोनफळ?"

"कुठलं म्हणजे? चाळीस वर्षं माझ्या टोपलीतनं चोरून नेता, ते! लावलंत ना बॅटरीला?"

बोटवे खाली पडलेली सालं गोळा करायला लागला.

"नाही लावलं?"

"नवी बॅटरी होती गं. लेबल केवढं चकचकीत. आणि एवढा शिकलेला माणूस समोर उभा…"

"म्हणजे मॅगझिनमधला गरीब फिटर बॅटरी घेऊन आला तर त्याच्यावर विश्वास नाही, आणि बर्गा आला की लगेच विश्वास?" तिनं मांडीवरचं पोना मधोमध कापलं आणि अर्धं त्याच्यापुढे धरलं. "घ्या. आज चोरू नका, मी देते. आणि थांबा, मीही येते. काम झालं की उरलेलं परत आणायचंय."

दुपार कलायच्या आत दोघं पुन्हा अंगणात हजर झाले. केळीच्या पानातून कोनफळ निघताच खुर्च्या जवळ सरकल्या.

"मामा, हे काय? जेवण?" येबोआनं विचारलं.

"साक्षीदार," बोटवे म्हणाला. एवढं बोलतानाही त्याचे कान तापले.

त्यानं बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, टोकांना दोन तांब्याच्या तारा गुंडाळल्या आणि त्यांची दुसरी टोकं कोनफळाच्या पांढऱ्याशुभ्र कापावर खोचली. मग उकिडवा बसून राहिला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"मीठ घाला, लवकर शिजेल," मघाचाच एकजण म्हणाला.

"अगदी बरोबर बोललास," सेर्वा म्हणाली. तिनं कांदे चिरणाऱ्या बायकांकडून चिमूटभर मीठ आणून खरंच वर टाकलं. पांढऱ्या कापावर एका तारेपाशी बुडबुडे आले, फेस धरला. आणि दुसऱ्या तारेच्या पायाशी हळूहळू कोवळ्या गवतासारखा हिरवा डाग उमटायला लागला.

बोटवेनं डागाकडे बघितलं, मग तारेवरून बोट फिरवत फिरवत बॅटरीपर्यंत गेला. मग पुन्हा उलट डागापर्यंत आला.

"येबोआ, ही तार कुठल्या टोकाची? वाच तूच."

"मायनसची."

"कोनफळ म्हणतं, प्लसची."

"कोनफळ म्हणतं!" येबोआला हसू आवरेना. "मामा, एवढा मान देतो मी तुम्हाला, पण…"

"मान राहू दे," नर्सबाई म्हणाल्या. "शेजारच्या बादूकडे आकड्यांचं मीटर आहे. घेऊन ये, जा. आणि हसायचं असेल तर आल्यावर हस."

येबोआ मीटर घेऊन आला. लाल सळई लेबलावरच्या प्लसला लावली, काळी मायनसला. पडद्यावर बाराचा आकडा आला, आणि त्याच्या आधी एक बारीकशी आडवी रेघ, वजाची. येबोआनं डोळे बारीक केले. सळया काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. रेघ होतीच. मग त्यानं सळया उलट लावल्या. रेघ गेली.

आंब्याखालचे दोघं-तिघं उठून मीटरवर वाकले.

बोटवेनं नखानं लेबलाचा कोपरा उचलला आणि ते सोललं. खाली जुनं काळं खोकं निघालं, कडेला डांबराचं ठिगळ, आणि जिथे वर मायनस छापला होता त्याच्या बरोबर खाली खोक्यातच उठवलेला मोठा प्लस.

"आमच्या मॅगझिनमधलीच आहे ही," तो हळूच म्हणाला. "जुन्या खोक्यात नव्या प्लेटा घालतात. बॅटरी चांगली आहे हो. लेबल तेवढं फिरवून चिकटवलंय."

"म्हणजे मी टोकं बदलली…" येबोआ सावकाश बोलायला लागला.

"तू बदललीस, पण लेबलानं ती आधीच बदलून ठेवली होती. प्लस बॉडीलाच राहिला, होता तसाच. म्हणून डायनामो भांडला नाही, काही जळलं नाही. रेडिओ मात्र हल्लीचा. त्याला बॉडीला मायनस पाहिजे होता, तो मिळाला नाही. त्यानं धूर काढला."

नर्सबाई हसायला लागल्या त्या डोक्यावरचं फडकं सुटेपर्यंत. "बावीस वर्षं हॅम्बुर्ग!" त्या म्हणाल्या. "आणि माझी गाडी वाचवली कुणी, तर ज्यानं लेबल उलटं चिकटवलं त्यानं! अरे, ते जर नीट चिकटवलं असतं तर तू माझा डायनामो जाळला असतास रे!"

"पंख्याचं काय म्हणत होतास?" सेर्वानं मघाच्या विनोदी माणसाला विचारलं. तो कांदे चिरायला मदत करायला निघून गेला.

येबोआ बोटवेपुढे आला. त्याचा चेहरा पडला होता. "मामा, मला माफ…"

"थांब!" नर्सबाई गरजल्या. "तोंडावर माफी मागतात का? तिकडे रीतही विसरलास? मधे माणूस घाल."

येबोआनं इकडेतिकडे पाहिलं. अंगणातले सगळे त्याचेच भाऊबंद, आणि सगळे सकाळी हसलेले. त्यातला एकही चालण्यासारखा नव्हता. शेवटी तो सेर्वापुढे जाऊन वाकला. "मामी, तुम्ही माझ्या वतीनं बोलाल?"

"बघते," सेर्वा म्हणाली. हातातलं उरलेलं कोनफळ तिनं नीट बाजूला ठेवलं. "माझा नवरा फार तापट आहे. कोरड्या हातानं गेले तर ऐकायचा नाही."

बोटवे जन्मात कधी तापला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. येबोआ आत जाऊन दारूची बाटली घेऊन आला. सेर्वा ती घेऊन दोन पावलं चालली आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याला खणखणीत आवाजात म्हणाली, "पोकुआचे बाबा, नर्सबाईंचा मुलगा म्हणतो, चुकलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत बोलायला नको होतं."

"त्याला सांग," बोटवे म्हणाला, आणि जरा थांबला. "त्याला सांग, मीसुद्धा सकाळी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. मग त्याचं एकट्याचं काय चुकलं?"

सेर्वा वळली. "ते म्हणतात, मिटलं."

"एवढंच नाही म्हणालो मी."

"मी मधली आहे. किती सांगायचं ते मी ठरवीन."

त्या संध्याकाळी भाड्याची गाडी रद्द झाली आणि सोमवारच्या माणसालाही नको म्हणून निरोप गेला. वायरी होत्या तशाच परत आवळून बोटवेनं खऱ्या प्लसवर लाल रंगाचा जाड ठिपका दिला. हिरवा डाग पडलेला तुकडा सेर्वानं कापून कोंबड्यांपासूनही लांब फेकला, आणि बाकीच्याची आंपेसी अंगणातल्या सगळ्यांना मिळाली.

रविवारी सकाळी नर्सबाई पांढऱ्या झग्यात पुढच्या सीटवर बसल्या. येबोआ गाडी चालवायला, मागे बोटवे आणि सेर्वा. सेर्वानं सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "इथंच ना हो?" बोटवेनं मान हलवली, पण त्याचं लक्ष येबोआच्या खांद्यावरून पुढे होतं. गाडी सुरू झाली. लाल दिवा लागला. येबोआनं वेग दिला, आणि दिवा विझला. तेव्हा कुठे बोटवे मागे टेकला.

"रेडिओ लाव," नर्सबाई म्हणाल्या.

"आई, तो मेला. माहीत आहे तुला."

"मग मीच लावते." आणि त्यांनी काच खाली करून अशा आवाजात भजन धरलं की ताफोच्या चौकातले टॅक्सीवाले बाजूला झाले. दुसऱ्या कडव्याला सेर्वानं साथ दिली. बोटवेला गाता येत नव्हतं. तो डायनामोचा आवाज ऐकत होता.

देवळाच्या चढावर येबोआनं गाडी हळू केली आणि आरशातून मागे बघितलं.

"मामा," तो भजनाच्या आडून म्हणाला, "हॅम्बुर्गात आपल्या लोकांच्या दुकानात कोनफळ मिळतं. पण पोना नसतं. चालेल का दुसरं?"

बोटवेनं थोडा विचार केला.

"रंग जरा पसरेल," तो म्हणाला, "पण चालेल. फक्त बायकोला विचारून घे."